स्लॉट बुकिंग आणि कॅमेऱ्यांचं गेट : चौदा महिने वापरल्यावर

सकाळी पावणेसहाला येणारे चालकांचे फोन बंद झाले, हे सगळ्यात आधी सांगते. पूर्वी ते रोज यायचे. "ताई, पुलाच्या अलीकडेच थांबलोय, पुढचं काही दिसत नाही." एवढं ऐकलं की आदल्या रात्री आखलेला दिवस मोडला, हे समजायचं. पुलाच्या अलीकडे म्हणजे बंदरातल्या कंटेनर टर्मिनलच्या गेटपासून जवळजवळ दोन किलोमीटर मागे, एका ओळीत उभ्या ट्रेलरच्या शेपटाला.

आमच्याकडे अकरा ट्रेलर आहेत आणि गेली एकोणीस वर्षं गाड्या लावायचं काम मी करते. कुठली गाडी कुठला कंटेनर उचलणार, कुठल्या गोदामात पोचवणार, रिकामा कुठे टाकणार, परतीला काही मिळतंय का, हे रोज रात्री ठरवायचं आणि रोज सकाळी बदलायचं. चौदा महिन्यांपूर्वी टर्मिनलने एका बैठकीत जाहीर केलं की यापुढे वेळ आधी राखून ठेवल्याशिवाय कुठलीही गाडी आत घेतली जाणार नाही आणि गेटवर माणसांऐवजी कॅमेरे असतील. त्या बैठकीत मी उघड विरोध केला होता. आज त्यातला बराचसा विरोध मागे घेते आहे. जो घेत नाही, तो का घेत नाही, तेही खाली आहे.

आधी रस्त्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने या सेवेची खरी परीक्षा तिथेच आहे. टर्मिनलकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन शाळा आहेत, एक दवाखाना आहे आणि दोन्ही बाजूंना दाट वस्ती. रांगेतल्या गाडीचं इंजिन बंद करता येत नाही, कारण दर काही मिनिटांनी गाडी दहा-वीस फूट पुढे घ्यावी लागते. जड ट्रकचं इंजिन जागेवर उभं असतानाही तासाला साधारण तीन लिटर डिझेल जाळतं. चाळीस गाड्या दोन तास उभ्या राहिल्या की २४० लिटर झाले. एवढा धूर शाळेच्या खिडक्यांसमोर, आणि तोही नेमका मुलं शाळेत पोचायच्या वेळी. आमच्या गाड्याही त्यात असायच्या, म्हणून याबद्दल मला नेहमी अपराधी वाटत आलं आहे.

एवढी रांग का लागायची, याचा हिशोब सोपा आहे. समजा गेटला चार लेन आहेत आणि एका गाडीचे कागद बघून तिला आत सोडायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ऐंशी गाड्या. दिवसभरात त्या गेटमधून सातशे-आठशे गाड्या निवांत जाऊ शकतात. पण सगळ्यांनाच पहिला नंबर हवा असतो, म्हणून सकाळी एकदम दोनशे गाड्या येऊन उभ्या राहतात. त्यातल्या शेवटच्या गाडीला अडीच तास लागणारच. दुपारी तेच गेट ओस पडलेलं असतं. याच दोनशे गाड्या तीन तासांत विभागून आल्या असत्या तर रांग जवळपास लागलीच नसती. गेट मोठं करून हा प्रश्न सुटत नाही, येण्याच्या वेळा पसराव्या लागतात. हे मला बैठकीत पटलं नव्हतं. माझी मागणी होती, लेन वाढवा.

आता प्रत्यक्ष सेवा. आदल्या दिवशी ॲपवर कंटेनर क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि चालकाचा परवाना घालून तासाभराची वेळ निवडायची. सीमाशुल्काची मोकळीक, जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायची परवानगी) आणि टर्मिनलचे पैसे या तिन्ही गोष्टी पूर्ण असल्याशिवाय ॲप वेळच देत नाही. निर्यातीच्या कंटेनरला पडताळलेलं वजनही भरावं लागतं. १ जुलै २०१६ पासून तो नियम जगभर लागू आहे, पण आमच्याकडे तो कागद गेटवर पोचेपर्यंत कोणी बघत नसे. आता वजन नाही तर वेळ नाही.

गेटवर एक कमान आहे. गाडी तिच्याखालून सावकाश पुढे जाते आणि कॅमेरे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढतात. पाटीवरचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, त्याची लांबी-प्रकार, सील आहे की नाही, कुठे चेपलंय का, सगळं त्यात येतं. काचेवर चिकटवलेला टॅग वेगळा वाचला जातो. मग पुढच्या खांबाशी चालक कार्ड लावतो, दांडा वर जातो आणि छोट्या कागदावर यार्डातली, म्हणजे आत कंटेनर रचून ठेवतात त्या आवारातली, जागा छापून येते. सगळं सुरळीत असेल तर मिनिटभराचं काम.

कॅमेरा चुकीचं वाचेल ही माझी भीती होती. पण कंटेनर क्रमांकाची रचनाच अशी आहे की चूक बहुतेक वेळा पकडली जाते. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक तपासणी अंक. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, प्रत्येक स्थानाला दुप्पट होत जाणारा गुणक असतो, आणि सगळ्याची बेरीज करून ११ ने भागल्यावर उरते ती बाकी म्हणजे शेवटचा अंक. बाकी १० आली तर शून्य लिहितात. कॅमेऱ्याने ३ चा ८ वाचला तर हिशोब जुळत नाही आणि यंत्रणा थांबते. एकोणीस वर्षं मी हे क्रमांक फोनवर ऐकून वहीत उतरवत आले, तो अंक चौकटीत का असतो हे मला या गेटमुळे कळलं.

तरीही पहिल्या आठवड्यात आमची गाडी अडकली. कंटेनर जुना, मागच्या दारावरचा रंग उडालेला, त्यातली दोन अक्षरं गंजाने खाल्लेली. यंत्रणेने गाडीला बाजूच्या लेनमध्ये काढलं. तिथे एक खांब आणि त्यावर बोलायचं बटण. बटण दाबल्यावर पलीकडून उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली, कारण त्या दिवशी अशा अडकलेल्या सगळ्या गाड्यांसाठी दूरच्या खोलीत एकच माणूस बसवला होता. पूर्वीच्या खिडकीतला कारकून दोन मिनिटांत उतरून दारावर हात फिरवून क्रमांक वाचायचा. पुढे त्या खोलीत माणसं वाढवली आणि खिडकीतलेच जुने लोक तिथे घेतले, तेव्हापासून उत्तर पटकन येतं. जी टर्मिनलं अशी यंत्रणा बसवू पाहतायत त्यांना माझी विनंती, पहिल्या दिवसापासून या अडलेल्या लेनसाठी पुरेशी माणसं ठेवा. शंभरात चार गाड्या जरी अडल्या तरी त्यांच्या मागची लेन तुंबते.

इतकं लिहिलं, पण माझ्या मते या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा गेटवर दिसत नाही. तो आत यार्डात आहे.

यार्डात कंटेनर एकावर एक चार-पाच थरांत रचलेले असतात. माझा कंटेनर तळाला असेल तर वरचे तीन आधी काढून बाजूला ठेवावे लागतात, मग माझा निघतो, मग पुन्हा ते तीन रचायचे. गाडी कधी येणार हे क्रेनला माहीत नसेल तर हे सगळं गाडी खाली उभी असतानाच करावं लागतं. आमच्या गाड्यांचा आतला अर्धा वेळ यातच जायचा. आता उद्या सकाळी दहाला माझी गाडी कुठल्या कंटेनरसाठी येणार आहे हे यंत्रणेला आज संध्याकाळीच कळतं. रात्री जहाजाचं काम हलकं असताना स्वयंचलित क्रेन उद्या लागणारे कंटेनर वरच्या थरात आणि रस्त्याच्या बाजूला आणून ठेवतात. सकाळी गाडी गेली की एका उचलीत काम.

शेवटच्या टप्प्यात, म्हणजे कंटेनर ट्रेलरवर टेकवताना, क्रेन माणूसच चालवतो. तो लांबच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेला असतो. त्या वेळी चालकाने केबिनमधून उतरून ठरलेल्या चौकीत उभं राहायचं आणि तिथलं बटण दाबायचं. बटण दाबल्याशिवाय क्रेन खाली येत नाही. आमच्यातले सगळ्यात जुने चालक, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, त्यांना हे फार आवडलं. डोक्यावर तीस टन येत असताना केबिनमध्ये मान आखडून बसायची त्यांना अनेक वर्षं सवय करावी लागली होती. ते म्हणाले, "आता निदान मी त्याच्या खाली नसतो." सुरक्षेबद्दल मी आणखी काही लिहीत नाही, यात सगळं आलं.

यार्डातलं हे तंत्र नवं नाही. रॉटरडॅमच्या बंदरात १९९३ पासून चालकाविना चालणाऱ्या गाड्या जहाजाच्या क्रेनपासून यार्डापर्यंत कंटेनर वाहतायत, आणि हाम्बुर्गचं आल्टनवेर्डर टर्मिनल २००२ पासून अशाच पद्धतीने चालतं. पण कुंपणाच्या आत कितीही वेग असला तरी शहराचा रस्ता आपोआप मोकळा होत नाही. आतलं वेळापत्रक आणि बाहेरची गाडी यांची गाठ घालणारा दुवा म्हणजे हे साधं स्लॉट बुकिंग. त्यासाठी या सेवेला माझ्याकडून पूर्ण गुण.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात गंभीर तक्रार लवकर पोचलेल्या गाडीबद्दल.

सुरुवातीच्या चार महिन्यांत नियम असा होता की राखलेला तास सुरू होण्याआधी गाडी कमानीपाशी आली तर तिला परत फिरवायचं. काका एकदा बारा मिनिटं लवकर पोचले. दांडा उघडला नाही, पडद्यावर परत जाण्याची सूचना आली. चाळीस फुटी कंटेनर ओढणारी गाडी त्या रस्त्यावर उभी करायला जागा नाही, जागच्या जागी वळवायला तर नाहीच. मग ते शाळेच्या मागच्या गल्लीतून फिरून पुन्हा आले. त्या गल्लीत एवढी गाडी जायलाच नको. वळणावर एका घराच्या कुंपणाला ट्रेलरचं मागचं चाक अर्ध्या हातावरून चुकलं. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

लवकर कोण पोचतं? जो रस्त्याच्या भरवशावर नसतो तो. उशीर झाला तर वेळ रद्द आणि वर दंड, म्हणून प्रत्येक जण हाताशी अर्धा-पाऊण तास ठेवून निघतो. दंडाच्या भीतीने सगळेच लवकर निघाले की गेटसमोरची रांग आजूबाजूच्या गल्ल्यांत विखुरते. मोजणाऱ्याला गेट मोकळं दिसतं, गल्लीतल्या लोकांना दारात ट्रेलर दिसतो. त्या चार महिन्यांत वस्तीतल्या लोकांची या यंत्रणेबद्दलची चीड अगदी योग्य होती.

पाचव्या महिन्यात दोन बदल झाले. राखलेल्या तासाच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सवलत मिळाली, आणि शहराच्या कडेला, वस्तीच्या बाहेर, गाड्या थांबायला आवार सुरू झालं. गाडी तिथे पोचली की टॅग वाचला जातो आणि तुमची वेळ झाली की चालकाच्या फोनवर निघायची सूचना येते. आवारात शौचालय आहे, पिण्याचं पाणी आहे, आडवं व्हायला सावली आहे. रांगेत अडकलेल्या चालकाला यातलं काहीच मिळत नसे, आणि त्याबद्दल कधी कुठे नोंदही होत नसे. हे आवार नसतं तर मी या सेवेला दोन तारे दिले असते. अशी यंत्रणा कुणी तुम्हाला विकायला आलं तर आधी विचारा, लवकर आलेली गाडी कुठे थांबणार? त्याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळालं पाहिजे.

दुसरा मुद्दा मालगाडीचा.

टर्मिनलची सायडिंग, म्हणजे मालगाडी आत नेणारा फाट्याचा रूळ, आमचा रस्ता ओलांडूनच आत जाते आणि तिथे फाटक आहे. एक लांब मालगाडी चाळीसहून जास्त ट्रेलरचा माल एका खेपेत नेते, म्हणून रेल्वे वाढावी असंच मला वाटतं, माझा धंदा ट्रकचा असला तरी. लांबचा माल रुळावरच शोभतो. पण फाटकावर तिची किंमत मोजावी लागते. ७४० मीटर लांबीची गाडी ताशी १० किलोमीटरने फाटक ओलांडते तेव्हा साडेचार मिनिटं जातात. ही झाली सरळ गेलेली गाडी. आतला मार्ग मोकळा नसेल तर ती फाटकावरच उभी राहते. फाटक मोकळं करायला मधून तोडून पुन्हा जोडली तर पूर्ण लांबीच्या नळीत ब्रेकची हवा भरेपर्यंत हलवता येत नाही, आणि गाडी जितकी लांब तितका हा वेळ जास्त. आम्ही पंचवीस-तीस मिनिटं बंद फाटक पाहिलं आहे, त्यात एकदा दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिकाही होती.

आधी ट्रकचे स्लॉट आणि मालगाडीची वेळ यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. नवाच्या तासाला पन्नास गाड्या बोलावलेल्या आणि नवालाच मालगाडी फाटकावर. सहा महिन्यांपासून सायडिंगच्या अलीकडे रुळावर संवेदक बसवले आहेत. मालगाडी शहराच्या हद्दीत शिरली की फाटक केव्हा बंद होणार आणि साधारण किती वेळ, हे ॲपवर आणि रस्त्यावरच्या फलकावर दिसतं. थांबण्याच्या आवारातून गाड्या सोडणंही त्यानुसार पुढे-मागे होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा लागणं जवळपास थांबलं, आणि ट्रेलर नसले की बाकीची वाहनं फाटक उघडल्यावर पटकन मोकळी होतात.

तरी हा तात्पुरता इलाज आहे. गाडी आत कुठे उभी राहणार हे ठरल्याशिवाय तिला फाटकाजवळ आणूच नये, हे काम रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचं आहे, आणि तिथली माहिती अजून या ॲपला मिळत नाही. कायमचा इलाज तर स्थापत्याचा आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांतून निघणाऱ्या गाड्यांसाठी एप्रिल २००२ मध्ये अलामेडा कॉरिडॉर सुरू झाला. सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग, त्यातला १६ किलोमीटर जमिनीखालच्या उघड्या खंदकातून, आणि त्यामुळे दोनशे फाटकांवरचा खोळंबा संपला. एवढं काम सगळ्यांना परवडत नाही हे मान्य. पण संवेदक आणि फलक बसवले म्हणून उड्डाणपुलाची फाइल कपाटात जाऊ नये, ही भीती मला खरोखर आहे.

तिसरी तक्रार दंडाची. उरलेला विरोध म्हणतात तो हाच.

आमची गाडी उशिरा आली तर दंड आमच्यावर. आमची गाडी वेळेवर आली, आणि आत क्रेन बिघडली म्हणून तीन तास उभी राहिली, तर दंड कोणावरच नाही. चौदा महिन्यांत असं सात वेळा झालं, तारखा माझ्या वहीत आहेत. एकदा तर आतच अडकल्यामुळे त्याच गाडीची दुपारची दुसरी वेळ हुकली आणि त्याचा दंड आम्हाला बसला. तक्रार केल्यावर तो परत मिळाला, पण पाच आठवड्यांनी आणि नऊ फोननंतर. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, जो स्वतःच चालवतो, त्याने नऊ फोन कधी करायचे? चालकाला पैसे खेपेवर मिळतात. आतले तीन तास त्याच्या घरातून जातात.

हे इतकं एकतर्फी असायची गरज नाही. सिडनीच्या पोर्ट बॉटनीमध्ये २०११ पासून दोन्ही बाजूंना नियम लागू आहेत. ट्रक वेळेवर आला नाही तर वाहतूकदार पैसे भरतो, आणि वेळेवर आलेल्या ट्रकला टर्मिनलने ताटकळत ठेवलं तर टर्मिनल वाहतूकदाराला पैसे देतं. उलट उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे २००२ मध्ये कायदा झाला की गेटवर ट्रक तीस मिनिटांहून जास्त इंजिन चालू ठेवून उभा राहिला तर टर्मिनलला २५० डॉलर दंड, पण गाड्यांना वेळ नेमून देणाऱ्या टर्मिनलला त्यातून सूट. बऱ्याच टर्मिनलांनी सूट मिळावी म्हणून नावापुरत्या वेळा दिल्या, आणि नंतरच्या अभ्यासात रांगा कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. आमच्या टर्मिनलकडे प्रत्येक गाडी आत आल्याची आणि बाहेर पडल्याची सेकंदापर्यंतची नोंद आहे. कॅमेरे ती रोज करतात. आमच्या उशिरासाठी जी नोंद वापरली जाते, तीच टर्मिनलच्या उशिरासाठीही वापरता येईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही.

रात्रीच्या वेळांबद्दल थोडक्यात. रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात रस्ता मोकळा असतो, स्लॉट भरपूर मिळतात, आणि आम्ही ते घेतही नाही, कारण माल उतरवून घेणारी गोदामं सहाला बंद होतात. रात्री उचललेला कंटेनर सकाळपर्यंत आमच्याच दारात उभा. लॉस एंजेलिसमध्ये २००५ साली दिवसा माल हलवणाऱ्यावर शुल्क लावलं आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी ते माफ केलं. शुल्क मालाच्या मालकावर होतं, त्यामुळे बरीच वाहतूक रात्रीकडे सरकली. मग गंमत अशी झाली की शुल्क संपण्याची वेळ गाठायला गाड्या थांबून राहू लागल्या आणि संध्याकाळी नवी रांग लागली. २०१८ मध्ये दोन्ही वेळांना सारखंच शुल्क ठेवून वेळ राखण्याची पद्धत आणली गेली. आमच्याकडे मालाच्या मालकाला या साखळीत अजून कोणी ओढलेलंच नाही. तो दिवसा दहा ते पाच एवढंच सांगतो आणि मोकळा होतो.

ॲपचं म्हणाल तर चांगलं आहे, आता. दुपारी दोनला दुसऱ्या दिवसाच्या वेळा उघडतात. पहिले काही महिने दोन वाजून तीन मिनिटांनी सकाळच्या सगळ्या वेळा संपलेल्या असायच्या, कारण मोठ्या कंपन्या लागतील-न लागतील तेवढ्या भराभर राखून ठेवायच्या आणि नको असतील त्या वेळा रात्री सोडून द्यायच्या. आता कंटेनर क्रमांक दिल्याशिवाय वेळ राखता येत नाही आणि एका कंटेनरला एकच वेळ मिळते. शिवाय गाडी बदलता येते. आमची एक गाडी पंक्चर झाली तर त्याच वेळेवर दुसरी पाठवता येते, पूर्वी पूर्ण वेळ रद्द व्हायची. चालकाला सूचना वाचायची गरज नाही, ती त्याच्या भाषेत बोलून ऐकवली जाते. गाडी चालवणाऱ्या माणसाने पडदा वाचू नये, हे बनवणाऱ्याच्या लक्षात होतं याचं मला समाधान आहे.

एक मोठी उणीव राहिली आहे. रिकामे कंटेनर परत घेणारे डेपो या यंत्रणेत नाहीत. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथे वेगळं बुकिंग, कुठे अजून कागदावरच. आदर्श खेप अशी : रिकामा टाकायला आत जायचं आणि त्याच फेरीत भरलेला घेऊन बाहेर यायचं. पण रिकामा कुठे टाकायचा हे जहाज कंपनी आदल्या रात्री कळवते, कधी त्याच सकाळी, आणि ते ठिकाण टर्मिनल नसून डेपो असतं. मग गाडी रिकामा घेऊन शहर ओलांडते आणि मोकळी परत शहर ओलांडून टर्मिनलला येते. गेटवर वाचवलेला तास असा रस्त्यावर जातो. गर्दी कमी करायची तर पुढचं पाऊल इथेच टाकायला हवं. वाया जाणारी एक मोकळी फेरी टळली तर तेवढा रस्ता त्या दिवशी गाडीविना राहतो.

माझ्या वहीत गाड्यांच्या फेऱ्या आहेत. पूर्वी एका गाडीच्या दिवसाला टर्मिनलच्या दोन खेपा झाल्या की दिवस चांगला गेला म्हणायचं. आता आठवड्यातले तीन-चार दिवस तीन होतात, तेही चालकाला ओढाताण न करता. काका पूर्वी रात्री नऊला घरी पोचायचे, आता बहुतेक दिवशी सातला पोचतात. नातीबरोबर जेवायला मिळतं, असं त्यांनी मागच्या महिन्यात सांगितलं.

पाचपैकी साडेतीन तारे. वेळ राखणं आणि यार्डाची आधीची तयारी यांना पूर्ण, गेटच्या कमानीला जवळपास पूर्ण, मालगाडीच्या सूचनेला अर्धे कारण काम अर्धंच झालंय, आणि दंडाच्या नियमांना काहीच नाही. दहा-बारा गाड्या असणाऱ्यांनी घाबरू नये, आठवडाभरात हात बसतो. एकच गाडी असणाऱ्यांनी दोघा-तिघांनी मिळून बुकिंगसाठी एक माणूस ठरवावा, कारण दुपारी दोनला गाडी चालवत असाल तर सकाळची वेळ हातची जाते.

त्या सात दिवसांच्या नोंदी, आत शिरल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या छापील चिठ्ठ्यांसह, आम्ही चौदा वाहतूकदारांनी मिळून मागच्या सोमवारी टर्मिनलला लेखी दिल्या आहेत. मागणी एकच, वेळेवर आलेली गाडी आत नव्वद मिनिटांहून जास्त राहिली तर भरपाई. तीस दिवसांत उत्तर देऊ असं त्यांनी पोचपावतीवर लिहून दिलं आहे. उत्तर आलं की त्यातला मजकूर इथे जोडेन आणि ताऱ्यांचा आकडाही तेव्हाच बदलेन.